पखवाजाची कणीक

पोळ्यांची कणीक मळताना ओल्या गव्हाचा वास आला, की मला तीर्थपुरीचं त्याचं अंगण आठवतं. तो पखवाज वाजवायचा. लग्न झालेला होता. वाजवण्याआधी पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावतात. "तुझ्या कणकेशिवाय माझा पखवाज बोलतच न्हाई," असं तो म्हणायचा, म्हणून मी बदनापूरहून ओल्या फडक्यात गोळा घेऊन जायचे.

एक दिवस मी पोचले, तेव्हा तो बाहेर गेला होता. त्याच्या बायकोनं गोळा हातात घेतला, अंगठ्यानं दाबून पाहिला आणि शांतपणे म्हणाली, "बराबर मळली. तुझ्याआधी यायची, तिला न्हाई जमायचं."

ती मला सावध करत होती. मी ते कौतुक समजले, आणि त्याला आणखी एक सापडेपर्यंत कणीक मळत राहिले.