चुंबळींची रांग

आमच्या जुन्या स्टेशनाचं आता सांस्कृतिक केंद्र झालं आहे. लातूर आणि उदगीरच्या मधलं गाव. नाव लिहीत नाही. लिहिलं तर लोक नावावरच भांडत बसतील आणि मुद्दा बाजूला राहील.

मीटरगेज गेली, नवं स्टेशन पलीकडं बांधलं, आणि ही दगडी इमारत कित्येक वर्षं कबुतरांच्या ताब्यात होती. आता तिकीटघरात वाचनालय आहे, वेटिंग रूममध्ये तबल्याचा क्लास, आणि मालधक्क्याच्या गोदामात 'श्रमसंस्कृती दालन'. त्या दालनात एक बोर्ड आहे: 'येथील हमालांमध्ये पाळीवरून कधीही भांडण झाले नाही. ज्याची चुंबळ पुढे, त्याचे काम आधी.' ही वाक्यं माझी आहेत. केंद्राच्या समितीची पोरं मोबाइल घेऊन नांदेडला माझ्या घरी आली, चहा प्यायली, आणि मी म्हातारा गोड गोड बोलत सुटलो.

भांडण झालं नाही हे खरं आहे. का झालं नाही, ते सांगितलं नाही.

मी तिथं मालबाबू होतो, मालाच्या नोंदी ठेवणारा कारकून, नोकरीत नवा. हमालांची एक पद्धत होती. संध्याकाळी घरी जाताना प्रत्येकानं आपली चुंबळ, म्हणजे ओझ्याखाली डोक्यावर घ्यायची ती कापडाची गुंडाळी, गोदामाच्या भिंतीशी रांगेत ठेवायची. आज काम मिळालेला शेवटी, न मिळालेला पुढं. सकाळी वॅगन कमी लागल्या तर पुढच्यांना काम, मागचे रिकाम्या हातानं परत. त्या गुंडाळीला कुणी हात लावायचा नाही.

त्यांच्यात एक बौद्ध हमाल होता, माझ्याच वयाचा. एकदा रुळावर कुत्रं मरून पडलं. मुकादम त्याला म्हणाला, "जा रे, वढून टाक."

तो म्हणाला, "टाकतो की. पण हमालीला जशी पाळी हाय तशी ह्याला बी लावा. आज मी, उद्या तुमी."

हमाल हसले. मुकादम हसला नाही. संध्याकाळी माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, "बाबूसाब, लई माजलंय ते. त्याची चुंबळ जरा मागं ऱ्हाऊ द्या. किल्ली तुमच्याकडंच असती."

किल्ली माझ्याकडंच होती. सकाळी गोदाम मीच उघडायचो. मी त्याची चुंबळ सरकवली, रांगेच्या टोकापर्यंत. बुटाच्या टोकानं. हात लावला नाही. का लावला नाही, हे मराठवाड्यातल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही.

"बाबूसाब, माझी पयली व्हती," तो म्हणाला.

"असंल. आता शेवटी हाय."

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. बाकीच्यांना सगळं दिसत होतं. त्यांची पाळी लवकर येत होती. पुढं तो बायको-पोरीला घेऊन नांदेडला बांधकामावर गेला. पुन्हा आला नाही. आता तो या जगातही नाही.

हे मला त्याच्या मुलीनं सांगितलं. ती विष्णुपुरीला राहते, नर्स होती. बोर्डाचा फोटो कुणीतरी तिला पाठवला, आणि ती पत्ता काढून माझ्या दारात आली. आत बसली नाही, बाप कोण आणि त्याचं पुढं काय झालं ते उभ्यानंच सांगितलं. "काका, हे तुम्ही बोललात?" एवढंच विचारलं. मी हो म्हणालो. "मग तुम्हीच काढायला लावा."

मी समितीच्या अध्यक्षाला फोन केला. म्हणाला, "काका, दालनाचं उद्घाटन तोंडावर आलंय. आणि तुमचंच रेकॉर्डिंग आहे ना? आता जुनं उकरून काय मिळणार? लोक आनंदासाठी येतात हो." मी पुन्हा केला. मग त्यानं फोन उचलणंच सोडलं. यांना हमालांचा घाम पाहिजे, पण धुऊन, इस्त्री करून.

उद्घाटनाला मी गेलो. तीही आली होती, मागं उभी होती. दालनात भिंतीशी नव्या कोऱ्या चुंबळी मांडल्या होत्या, इरकलीच्या कापडाच्या! बाहेर पाटी: पादत्राणे काढा. मी काढली नाहीत. अध्यक्षानं माझ्या हातात माइक दिला, "काका, पाळीची गंमत सांगा." माझं डोकं फिरलं. मी चुंबळींपुढं बांधलेली दोरी ओलांडली आणि पहिली चुंबळ बुटानं ढकलत रांगेच्या टोकाला नेली.

"ही गंमत. असं करत होतो मी."

"काका, बूट!" अध्यक्ष ओरडला. त्याला बूट दिसला फक्त.

मला वाटलं, झालं, फेडलं. तेवढ्यात ती पुढं आली. माझ्यापेक्षा जास्त संतापलेली. "परत पायानंच? माझ्या बापाची म्हणून परत लाथाडून दाखवताय? हातानं उचला. आणि तोंडानं सांगा."

मी वाकलो. गुडघे धरले होते, पण वाकलो, ती चुंबळ हातात घेतली आणि पहिल्या जागी ठेवली. मग कुत्र्यापासून सगळं माइकवर सांगितलं. मधेच कुणीतरी माइक बंद केला; उरलेलं ओरडून सांगितलं. ती शेवटपर्यंत ऐकत उभी राहिली, आणि माझ्यासाठी न थांबता निघून गेली. बरोबरच केलं तिनं.

बोर्ड अजून तिथंच आहे. माझ्याच शब्दांनिशी. म्हणून हे सही करून लिहितो आहे: ते शब्द खोटे आहेत, आणि ते मी मागे घेतले आहेत. आता तो बोर्ड भिंतीवर ठेवायचा असेल, तर समितीनं स्वतःच्या नावानं ठेवावा.