नकाशातलं बिननावाचं टिंब

वाशीमच्या एका छापखान्यात मी सहा वर्षं काम केलं. मॅट्रिक झाले होते, शिक्षिकेच्या कोर्सला दोनदा नंबर हुकला होता, आणि छापखान्याच्या शेठजींच्या घरी आई पापड-वड्या करायला जायची. त्या ओळखीवर त्यांनी मला प्रुफं तपासायला ठेवून घेतलं. सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. लग्नपत्रिका, अडत्यांच्या पावत्या, कुस्त्यांच्या दंगलीची हँडबिलं, असं सगळं माझ्यासमोरून जायचं. वर्षभरात माझं काम बदललं ते काकांमुळे.

काका म्हणजे आमचे मुख्य कंपोझिटर. पन्नाशी उलटलेले, सडसडीत, बोटांची टोकं शिशानं कायमची काळी. खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, उचलताना त्यांचे ओठ हलायचे, पण आवाज निघायचा नाही. छापखान्याचं बरंचसं काम शाळेच्या पुस्तिकांचं होतं, आणि पुस्तिका म्हटली की त्यात आकृत्या आल्या: त्रिकोण, विहिरीचा छेद, तालुक्याचा नकाशा. आकृतीचा ब्लॉक, म्हणजे धातूचा ठसा, करायला अकोल्याला दिला की आठ-आठ दिवस यायचा नाही. म्हणून काका आकृत्या पितळी पट्ट्यांनीच उभ्या करायचे. पट्टी कापायची, कानशीनं घासायची, नदी असली तर हळूच वाकवायची आणि शिशाच्या तुकड्यांमध्ये घट्ट आवळायची.

त्यांची एक वही होती. स्वयंपाकाच्या वहीत पदार्थ लिहितात तशी प्रत्येक आकृतीची कृती त्यात पायरीपायरीनं लिहिलेली. ‘दहा एम आडवी पट्टी. उजव्या टोकाला तिरका काट. तिथून खाली चार एम.’ एम हे आमचं माप. वही समोर ठेवून कुणीही एकेक पायरी करत गेलं की नेमकी तीच आकृती तयार व्हायची.

“हातानं काढलेलं चित्र एकडाव येते,” काका म्हणाले होते, “वहीतलं कितीकडाव बी काढा, तेच येते.”

किचकट काम होतं ते आकृतीत नावं बसवण्याचं. दोन पट्ट्यांच्या बेचक्यात ‘पैनगंगा’ बसवायचं म्हणजे आधी तिथली रिकामी जागा शिशाच्या बारीक तुकड्यांनी भरून काढायची, मग त्यात अक्षरं सरळ रेषेत उभी करायची. पायानं चालवायच्या ट्रेडल मशीनच्या हादऱ्यानं वेलांटी निसटायची, मात्रा उडायची. काकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. माझी बोटं बारीक होती. एके दिवशी त्यांनी चिमटा माझ्या हातात दिला.

“पोरी, नावं तू लाव. रेघा मी पाह्यतो.”

तेव्हापासून आकृतीतली नावं माझी. मालेगाव, अनसिंग, जऊळका. ही गावं मी पाहिली नव्हती, पण ती कुठे बसतात ते माझ्या बोटांना पाठ झालं.

चौथ्या वर्षी उन्हाळ्यात काका गेले. दोन दिवस ताप आला आणि तिसऱ्या दिवशी दुपारी गेले. काकू, म्हणजे त्यांची बायको, एकटीच मागे राहिली. तेराव्यानंतर ती स्वतः छापखान्यात आली, वही माझ्या टेबलावर ठेवली आणि “तुह्या कामाची हाय,” एवढं बोलून परत गेली.

त्याच वर्षी शेठजींनी ठरवलं की तालुक्याच्या भूगोलाची पुस्तिका आता अकोल्याला ऑफसेटवर छापून घ्यायची. ऑफसेटला खिळे लागत नाहीत, पितळी पट्ट्या लागत नाहीत. कागदावर सगळं काळ्या शाईनं काढून द्यायचं, तिथे त्याचा फोटो घेतात आणि तो छापतात. आकृती पेननं काढता येईल, पण नावांचं काय? माझं अक्षर छापील नव्हतं. शेवटी आम्ही एक मधला रस्ता काढला. जुन्या खिळ्यांत सगळी नावं जुळवायची, गुळगुळीत आर्ट पेपरवर त्यांचं एक स्वच्छ प्रूफ काढायचं, कात्रीनं एकेक नाव कापायचं आणि डिंकानं नकाशावर चिकटवायचं. दोन्ही पद्धती काही महिने अशा एकमेकींच्या गळ्यात पडून चालल्या.

नकाशा काढायला मी काकांची वही उघडली. पायरी एक, पायरी दोन. तालुक्याची हद्द, रेल्वेची रूळरेघ, नद्या. मग गावांची टिंबं: माप आणि पुढे नाव. सतराव्या पायरीवर मी थांबले. जऊळका स्टेशनपासून उगवतीकडे माप दिलेलं होतं आणि पुढे लिहिलं होतं: ‘टिंब. नाव नाही.’

मला वाटलं, काका नाव लिहायचं विसरले. कपाटातून जुनी प्रुफं काढली. मी येण्याच्या आधीची होती, मी स्वतः नावं लावलेलीही होती. प्रत्येक नकाशात ते टिंब होतं, बाकीच्या टिंबांहून बारीक. मी लावलेल्या नकाशातसुद्धा. माझ्याच बोटांखालून ते चार वेळा गेलं होतं आणि मला दिसलं नव्हतं. भर दुपारची वेळ, बाहेर टांगेवाला गिऱ्हाइकाशी भांडत होता, आणि मला मात्र काका पाठीमागे उभे राहून ओठ हलवत असल्यासारखं वाटलं. मी वळून पाहिलं. अर्थात कुणी नव्हतं.

शेठजींना विचारलं. त्यांनी चष्मा लावून पाहिलं. “कचरा असंल बाई. शिशाचा कण. काढून टाका.”

पण कण असता तर वहीत पायरी नसती. संध्याकाळी मी काकूकडे गेले.

काकू ओट्यावर तुरी निवडत बसली होती. मी नकाशा पुढे धरला आणि टिंबावर बोट ठेवलं. तिला वाचता येत नव्हतं.

“काकू, जऊळका स्टेशनच्या उगवतीला इथं कोणतं गाव आहे?”

“तिथं गाव नाई,” ती म्हणाली. सूप बाजूला ठेवलं. बराच वेळ ती नकाशाकडे बघत राहिली, आणि तिला वाचता येत नसूनही ती नेमकं तेच टिंब बघत होती. “तो हे करून राह्यला होता तं. मले कधी बोलला नाई.”

मग तिनं सांगितलं. त्यांना एक मुलगी होती. सहा वर्षांची. काकूचं माहेर जऊळक्याच्या पलीकडे. स्टेशनवर उतरून बैलगाडीनं जावं लागायचं. भावाच्या लग्नाला निघाले होते. गाडीतच पोरीला हगवण लागली. स्टेशनवर उतरेपर्यंत ती मलूल झाली होती.

“मी म्हटलं, वापस जाऊ. तो म्हणे, पुढं गाव जवळ हाय, वैद हाय. दुसऱ्या नाल्यापाशी तिनं पाणी मांगतलं. पाणी तोंडात तसंच राह्यलं. लहान लेकराले जाळत नाईत. तिथंच नाल्याच्या काठानं मातीत देल्लं. लग्नघरी कोणाले सांगतलं नाई दोन दिवस. अक्षता पडू देल्ल्या.”

“मग काका पुन्हा गेले होते तिथं?”

“दोनदा गेला. स्टेशनापासून पावलं मोजत गेला. पह्यल्यानं सापडली जागा. दुसऱ्यानं गेला तवा पुरानं काठ खाल्ला व्हता, सडकेचं खोदकाम चालू व्हतं. आला आन् मले म्हणे, जागा नाई राह्यली. त्याच्यानंतर घरात तिचं नाव नाई घेतलं त्यानं. मी बी नाई.”

जी जागा जमिनीवर उरली नव्हती ती काकांनी मापानं वहीत उतरवून ठेवली होती, आणि दरवेळी नव्यानं उभी केली होती.

मी उठले तेव्हा काकूनं माझा हात धरला.

“तू नावं लावते म्हणतात.”

“हो.”

“त्याच्यापाशी तिचं लावता येते का?” आणि तिनं ते नाव सांगितलं. सांगताना तिचा आवाज इतका खाली गेला की मला पुन्हा विचारावं लागलं.

तीन अक्षरांचं नाव. एखाद्या वस्तीचंही असू शकेल असं. ते मी इथे लिहिणार नाही.

दुसऱ्या दिवशी ती अक्षरं मी स्टिकमध्ये, म्हणजे खिळे जुळवायच्या पट्टीत, जुळवली, सगळ्यात बारीक खिळ्यांत. बाकी गावांच्या नावांबरोबर प्रूफ काढलं, कापलं. तो कागदाचा तुकडा तांदळाच्या दाण्याएवढा होता. चिमट्यानं उचलून टिंबाशेजारी ठेवला आणि बोटानं दाबला. हे चूक आहे हे मला माहीत होतं. शाळेच्या पुस्तकात, पोरं जे पाठ करणार त्या नकाशात, नसलेलं गाव. पण दाबताना मनात काही शंका आली नाही, हेही खरं.

नकाशा अकोल्याला पोचवायला मला पाठवलं. गाडीत तो मी दोन पुठ्ठ्यांत बांधून मांडीवर घेऊन बसले होते. जऊळक्याला गाडी थांबली. फलाटावर एक बाई पोरीला कडेवर घेऊन नळाखाली तिचे पाय धूत होती. मी उलट्या बाजूच्या खिडकीतून उगवतीकडे बघितलं. पऱ्हाटीची शेतं, एक कच्ची सडक, लांब एक झाडांची रांग, नाला असावा तशी. बस्स. माझ्या मांडीवर जे नाव होतं ते तिथे कुठेच नव्हतं. गाडी सुटेपर्यंत पुठ्ठा मी दोन्ही हातांनी असा धरून ठेवला होता, जणू कुणी हिसकावून नेईल.

पुस्तिका छापून आली. पहिले गठ्ठे शाळांना गेले. एक प्रत मी काकूला नेऊन दिली, नावावर तिचं बोट ठेवलं. तिनं ते बोट उचललंच नाही.

महिनाभरानं अनसिंगच्या एका मास्तरांचं पोस्टकार्ड शेठजींच्या नावे आलं. नकाशात दाखवलेलं अमुक गाव तालुक्याच्या यादीत सापडत नाही, कृपया खुलासा करावा. शेठजींनी मला बोलावलं. मी सगळं सांगितलं, एक शब्द लपवला नाही. मला वाटलं, आता घरी बसावं लागणार.

शेठजी पोस्टकार्ड उलटसुलट करत राहिले. “वीस साल कंपोझिंग केलं त्यानं इथं,” ते म्हणाले. “मले वाटलं, त्याले लेकरूच नव्हतं.” मग त्यांनी पोस्टकार्ड खणात ठेवलं. “पण बाई, लेकरं परीक्षेत लिहितीन हे. पुस्तक शाळेचं हाय. उरलेल्या प्रतींतून ते नाव काढा. तुमी लावलं, तुमीच काढा.”

उरलेल्या प्रती हजाराच्या वर होत्या. फाडायच्या नव्हत्या; नावावर काळी शाई लावायची होती. मी एक बारीक कुंचला घेतला. मागच्या खोलीत खिडकीपाशी बसले. प्रत उघडायची, नाव शोधायचं, वाचायचं, मग त्यावर कुंचला. वाचल्याशिवाय पुसता येत नव्हतं. शाई थोडी पसरायची आणि बारीक टिंबाच्या जागी वाटाण्याएवढा काळा डाग व्हायचा. पहिल्या दिवशी हात चालत गेला. दुसऱ्या दिवशी मला असं वाटू लागलं की प्रत्येक पुस्तकात ती पुन्हा पाणी मागते आहे आणि मी पुन्हा माती लोटते आहे. तिसऱ्या दिवशी घरी जेवताना आईनं हाक मारली तर मी ओ दिली नाही. मला ते दुसरंच नाव ऐकू आलं होतं. झोपेत मी तेच नाव बडबडते असं आई म्हणाली. तिनं दृष्ट काढली, मीठ-मोहऱ्या चुलीत टाकल्या. पाच दिवसांत काम संपलं.

सहाव्या दिवशी मी काकूकडे गेले. जाववत नव्हतं, पण तिला दुसऱ्या कुणाकडून कळू नये असं वाटलं. मी माझी काळी बोटं पदराखाली घेतली आणि सांगून टाकलं.

ती रडेल असं वाटलं होतं. तिनं विचारलं, “किती पुस्तकं व्हती?”

“हजाराच्या वर.”

“आन् दर पुस्तकात वाचलं तुनं?”

“वाचावं लागलं, काकू.”

“इतक्या सालांत तिले कोणी एकडाव हाक मारली नाई,” ती म्हणाली. “तुनं पाच दिवस मारली.”

मग तिनं चहा ठेवला, आणि चहा उकळेपर्यंत मुलीबद्दल बोलत राहिली. तिला गूळ-शेंगदाणे आवडायचे, ती डावखुरी होती, बापाच्या खिशातून शिशाचे खिळे काढून अंगणात पेरायची. त्या संध्याकाळी मी घरी आले आणि गाढ झोपले. पण सगळं निवळलं असं म्हणता येणार नाही. आजही छापलेला नकाशा समोर आला की माझी नजर आधी रिकाम्या जागांकडे जाते. कुणाला तरी तिथे ठेवलं असेल, असं वाटतं.

पुढच्या आवृत्तीचा नकाशा अकोल्याच्याच एका चित्रकारानं काढला. त्याला वहीची गरज नव्हती. माझं लग्न ठरलं, मी कारंज्याला गेले. काकू त्यानंतर दोन वर्षांनी गेली. तिच्या पेटीत ती पुस्तिका सापडली, शाई न लावलेली, आणि तिच्या भाच्यानं ती रद्दीत द्यायच्या आधी मला पोस्टानं पाठवली. पाकिटावर माझं नाव चुकीचं लिहिलं होतं, तरी ते पोचलं.