शेवटचा मुका

माझे धाकटे दीर मोबाइल कंपनीत होते. टॉवर उभारणारे पुष्कळ असतात. भावजींचं काम टॉवरवरचं जुनं नेटवर्क बंद करण्याचं. जुनं उठल्याशिवाय नव्याला जागा होत नाही. ऑफिसात त्यांना कुलूपकाका म्हणत. एकदा जेवता जेवता फोनवर म्हणाले, "त्या टॉवरवर आता चारच मुके राहिलेत," आणि माझ्या लेकीला असा ठसका लागला की पाणी द्यावं लागलं.

"काका, कुणाला द्यायचे राहिलेत?"

"चावटपणा पुरे. माणसं बोलतात ते फोन बोलके. पाण्याचे मीटर, लिफ्टमधली यंत्रं, ती मुकी."

नियम साधा होता. बोलके शून्य झाले की कुलूप. मुक्यांना कोण विचारतो?

नव्या नेटवर्कचा त्यांना कोण अभिमान! रुग्णवाहिका निघते न निघते तोच पेशंटच्या छातीचा आलेख डॉक्टरसमोर, पाण्याचे पंप, चौकातले सिग्नल, सगळं त्याच्यावर चालणार, हे ते मला भाजी निवडताना समजावायचे. त्या भरात देठं पातेल्यात आणि पानं कचऱ्यात.

मग दोन वर्षांपूर्वी नदीपलीकडच्या टॉवरवरचे बोलके शून्य झाले आणि भावजींनी कुलूप लावलं. राहिलेल्या मुक्यांत एक गळ्यात घालायचं बटण होतं. एकटं राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसानं पडल्यावर ते दाबायचं, की मदत केंद्रात घंटी वाजते आणि तिथल्या माणसाचा आवाज बटणातूनच येतो. ते तोवर कधी बोललं नव्हतं, कारण बोलायची वेळच आली नव्हती. कुलूप लागल्यावर नवव्या दिवशी आली. आजोबा न्हाणीघराच्या उंबऱ्याशी सापडले, तेही तीन दिवसांनी.

कंपनीनं चौकशी केली. भावजींचा दोष निघाला नाही. सगळं नियमानं झालं होतं. "दोष निघायला हवा होता, वहिनी," ते म्हणाले, "कुठेतरी ठेवता आला असता."

तेव्हापासून हातातला घास मधेच थांबायचा.

"काही वाजलं?"

"कुकर."

"नाही, त्याच्या आधी."

मुकेही शून्य झाल्याशिवाय ते कुलपाच्या कागदावर सही करेनात. हातात सिग्नल शोधायचं यंत्र घेऊन दारोदार फिरत, एकेक मुका हुडकून बदलून देत. शेवटी इस्पितळामागचा टॉवर उरला, आणि त्यावर एक मुका. त्याच्यामुळे इस्पितळाचं नवं नेटवर्क अडलेलं. साहेबांनी शुक्रवारची मुदत दिली. "एका मीटरसाठी इस्पितळ थांबवायचं, कुलूपकाका?"

"मीटर असेल, असं मी एकदा म्हटलं होतं," भावजी म्हणाले.

शुक्रवारी सकाळी मला म्हणाले, "चला वहिनी. बाई सोबत असली की लोक दार उघडतात."

चार गल्ल्या पालथ्या घातल्यावर यंत्रानं आम्हाला एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर नेलं. दार उघडलं ते शिवणकाम करणाऱ्या बाईंनी. गळ्यात माप घ्यायची टेप. भावजींची नजर त्या टेपवरून हलेना, म्हणून मीच विचारलं, "घरात जुनं काही यंत्र आहे का, चार्जिंगला लावलेलं?"

शिलाई मशीनशेजारच्या फळीवर एक बटण होतं. दोरीची नीट घडी, बारीक हिरवा दिवा.

"वडिलांचं," बाई म्हणाल्या. "ते गेल्यावर इकडे आणलं. रोज पुसते, चार्ज करते. केंद्रातून नावही काढवत नाही."

"नदीपलीकडे राहायचे?" भावजींनी विचारलं. "न्हाणीघरात पडले?"

"तुम्ही ओळखत होता?"

मी भावजींचं कोपर धरलं. त्यांनी ते हळूच सोडवून घेतलं.

"नाही. तिथलं नेटवर्क मी बंद केलं होतं. नऊ दिवस आधी."

बाई मशीनच्या स्टुलावर बसल्या. बराच वेळ त्यांनी टेपची गुंडाळी केली, उलगडली, पुन्हा केली.

"केंद्रवाले म्हणाले, घंटीची नोंद नाही. सगळे म्हणाले, म्हाताऱ्याला सुचलंच नसेल. दोरी मुठीत होती त्यांच्या, तरी. दोन वर्षं मी त्यांच्यावरच चिडतेय, की एवढं साधं बटण दाबता आलं नाही तुम्हाला."

"दाबलं असणार," भावजी म्हणाले. "ऐकायलाच कुणी ठेवलं नव्हतं."

बाईंनी आम्हाला घरी जा म्हटलं असतं तर मी समजू शकले असते. त्या उठल्या, बटण हातात घेतलं. "बंद करायच्या आधी एकदा दाबू?"

दोनदा वाजलं. मग एका मुलीचा आवाज आला, अगदी घरातल्यासारखा. "हं, बोला आजोबा. काय होतंय? पडलात का?"

बाईंचं बोट बटणावरच होतं.

"आजोबा, ऐकू येतंय ना?"

बाईंनी बटण भावजींपुढे धरलं.

"येतंय," भावजी म्हणाले.

"मदत पाठवू?"

त्यांनी बाईंकडे पाहिलं. "नको," ते म्हणाले. "मी आलोय."

दिवा बाईंनी स्वतःच्या हातानं मालवला. भावजींच्या यंत्रावर शून्य आलं. कापड बेतायच्या टेबलावरच त्यांनी सही केली, आणि संध्याकाळी इस्पितळाचं नवं नेटवर्क सुरू झालं.

जेवताना ते अजूनही थांबतात. "काही वाजलं?"

मी आता कुकर म्हणत नाही. "हो, वाजलं," म्हणते. मग ते घास घेतात.