चष्मा कोणाचा?

शिलाईवाल्या वहिनींना पेपरमधलं कार्टून कधीच कळलं नाही आणि त्याचं त्यांना फारसं काही वाटतही नव्हतं. शेवटच्या पानावरची ती चार चौकटींची पट्टी यजमान रोज चहाबरोबर वाचायचे, खो खो हसायचे आणि मग समजावून द्यायचे. "अगं, कुत्र्याला कळलंय, मालकालाच नाही! आलं का डोक्यात?" वहिनी "आलं" म्हणायच्या आणि मशीन चालवू लागायच्या. यजमान बंदरावर क्रेन चालवत. उंच केबिनमध्ये दिवसभर एकट्याने बसणाऱ्याला घरी कोणीतरी ऐकणारं लागतं, एवढं वहिनींना समजत होतं.

मग यजमान जिन्यावरून पडले. डोक्याला टाके पडले, जखम भरली. चालणं-बोलणं पूर्वीसारखं झालं. सोमवारी कंपनीच्या डॉक्टरांनी सही केली की पुन्हा क्रेनवर. पण एक गोष्ट वहिनींच्या मनात घर करून बसली. हल्ली ते हसायचे, समजावून मात्र देत नसत. विचारलं तर म्हणायचे, "सांगितलं की गंमत जाते गं."

डोक्याच्या मारामुळे तर असं होत नसेल ना, अशी वहिनींना शंका आली. पण मुळात विनोद आहे की नाही हेच ज्यांना कळत नाही, त्यांनी नवऱ्याचं डोकं तपासायचं कसं? त्या दिवशीचा पेपर पिशवीत घालून त्या बाहेर पडल्या. चित्रात माणूस दार उघडतो, समोर छत्री घेतलेला कुत्रा. माणूस म्हणतो, "आज मंगळवार." शेवटच्या चौकटीत नुसती छत्री.

"यात राजकारण आहे वहिनी," किराणावाला हळूच म्हणाला. "मोठ्याने वाचू नका."

धाकटे दीर म्हणाले, "सोपं आहे. कुत्रा म्हणजे बायको."

"कोण कुत्रा?" जाऊबाईंनी आतून विचारलं. दीरांनी घाईघाईने पान उलटलं.

काजं-बटणं करायला येणाऱ्या बाईने चित्र उलटसुलट करून पाहिलं. "काढणाऱ्याला तरी कळलंय का हे?"

एरवी वहिनी पोट धरून हसल्या असत्या. आता मात्र त्यांनी पेपर घडी करून पिशवीत टाकला. कोणालाच कळत नसेल, तर हे रोज कशाला हसतात?

कपड्यांचे नमुने त्या जुन्या पेपरवर कापून ठेवत. फ्रॉकच्या एका नमुन्यावर एक कार्टून होतं. यजमानांनी समजावल्यावर वहिनींना खरोखर हसू आलेलं ते एकमेव. पहिल्या तीन चौकटींत आजोबा चष्म्यासाठी घर पालथं घालतात. चौथीत पिंजऱ्यातला पोपट चष्मा लावून पेपर वाचतो. तो कागद त्यांनी चहाच्या कपाशेजारी ठेवला.

यजमान वाचून हसले. वहिनींचा जीव भांड्यात पडला.

"अहो, चष्मा कोणाचा?" त्यांनी सहज विचारलं.

"पोपटाचा. कोणाचा असणार?"

 यजमानांनी वहिनींच्या तोंडाकडे पाहिलं आणि घाईघाईने बोट पहिल्या चौकटीवर नेलं. मग दुसरीवर. मग परत पहिलीवर. 

"एकेक चित्र कळतं," ते पुटपुटले. "पुढच्यावर गेलो की मागचं निसटतं. तू घाबरशील म्हणून हसतो."

"आणि क्रेनवर? खालचा माणूस एकामागून एक खुणा करतो. वर, डावीकडे, थांब. खाली माणसं उभी असतात हो!"

"हात आपोआप चालतात माझे. डॉक्टरांना बोलू नकोस. वरून उतरवलं तर खाली मला कोण विचारतंय?"

सोमवारी डॉक्टरांनी नाव, पत्ता, तारीख विचारली. यजमानांनी सगळं बिनचूक सांगितलं. डॉक्टरांनी पेन उचललं.  घरी गेल्यावर नवरा आपलं तोंड बघेल का, असं वहिनींना वाटून गेलं. पण हवेत लटकणारं लोखंड आणि त्याखालची माणसं डोळ्यांसमोरून हलेनात.

"सही करू नका, डॉक्टर," त्या म्हणाल्या आणि एका दमात सगळं सांगून मोकळ्या झाल्या.

डॉक्टर यजमानांकडे वळले. "खरं आहे हे?"

यजमानांनी डोक्यावरच्या टाक्यांच्या खुणेवरून हात फिरवला. वहिनींना त्यांच्या 'नाही'ची जितकी धास्ती होती, तितकीच 'हो'ची.

"हो," ते शेवटी म्हणाले. "मीच सांगणार होतो साहेब. तुमचा जिना चढताना सगळं जुळवलं होतं. इथे आलो आणि सुरुवातच सापडेना."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.