उजव्या डोळ्यातला कोंडा

तुमसरच्या एका राइस मिलमध्ये मी तांदळाचा नमुना बघतो. मूठभर तांदूळ तळहातावर पसरायचा आणि अख्खा दाणा किती, कनकी म्हणजे तुकडा किती, ते सांगायचं. नजरेची नोकरी. तिचा मला भारी तोरा होता.

एकदा ट्रकवरचा दोर सुटला आणि त्याची गाठ सणकन उजव्या डोळ्यावर बसली. दुसऱ्या दिवसापासून डोळ्यापुढे काळे कण तरंगू लागले. मिलमधल्या माणसाला कण दिसले की तो कोंडाच समजतो. रोज संध्याकाळी बायको तांब्याभर पाणी द्यायची, मी डोळा धूत बसायचो. पुढे खालून सावली चढली, त्या डोळ्याने समोरच्या माणसाचं तोंड दिसेना. तरी मी आपला धूतच होतो. असला मूर्ख मी.

नागपूरचे डॉक्टर म्हणाले, आतला पडदा सुटलाय. "मधली नजर जाऊन किती दिवस झाले? परत किती येईल, ते बरंचसं त्यावर आहे."

बायको शेजारीच उभी होती. मी म्हणालो, "दोन-तीन."

"मग आशा चांगली आहे."

तिचा चेहरा उजळला. खरे दिवस नऊ झाले होते.

ऑपरेशन करून डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला आणि पालथं पडून राहायला सांगितलं. ते दिवस मला स्वप्नासारखे आठवतात. उशीच्या कडेने तेवढी फरशी दिसायची. तिच्यावरून बायकोची पावलं यायची, जायची. कुठूनतरी भाताचा वास यायचा आणि आपण जागे आहोत की झोपलोय, ते कळायचं नाही. उठून बसलो की त्या डोळ्यात एक रेघ हलायची, बोडीतलं, म्हणजे शेतातल्या तळ्यातलं, पाणी हलावं तशी. मला ते आवडायला लागलं होतं. मग एकदम ते नऊ दिवस आठवायचे आणि मी परत पालथा पडायचो.

बुडबुडा विरला. डाव्या डोळ्यावर रुमाल बांधून मी तळहातावर तांदूळ घेतला. अख्खा, अख्खा, कनकी. सगळं बरोबर. मी हरखून गेलो.

बायको बघत होती. म्हणाली, "दाण्यावर बोटं कायले फिरवून राहिले जी?"

तिने स्वतःच्या तळहातावर एक दाणा ठेवून समोर धरला. "आता सांगा."

तळहात धूसर दिसला. दाणा दिसला नाही.

"दोन-तीन नव्हते," मी म्हणालो. "नऊ दिवस झाले होते."

"मले मालूम हाय. पानी मीच देत होती ना."

"मंग डॉक्टरसमोर काहून नाही बोलली?"

तिने दाणा मुठीत मिटला.

"आशा चांगली हाय, मलेबी तेच आयकाचं होतं," ती म्हणाली.