निलगिरीचं पान आणि माझं तपकिरीचं नाक

मंडळी, चाळीच्या फळ्यावर आज नळाच्या वेळांऐवजी माझी जळजळ वाचा.

सकाळी हिला घेऊन राणीच्या बागेत गेलो होतो. सोबत हापिसातले नवे कर्णिक. निलगिरीची जात नुसत्या खोडावरून ओळखण्यात हापिसात माझा हात कुणी धरत नाही.

"ही बघ," मी हिला म्हटलं, "हिची साल पट्ट्यापट्ट्यांनी सुटून लोंबतेय. त्या पलीकडचीची खरखरीत, दोऱ्यादोऱ्यांची, ती गळतच नाही. आणि ही तिसरी गुळगुळीत, पांढरट." तिसरीच्या खोडावर कुणीतरी कोळशाने 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' लिहिलं होतं. अक्षरं छान उठली होती.

कर्णिक वाकले, तिसरीचं पडलेलं पान उचललं, चुरगाळलं आणि हिच्यापुढे धरलं. "वहिनी, सालीवर जाऊ नका. वास घ्या."

हिने डोळे मिटले. "अगबाई, थेट लिंबू." इतकं मोकळं हसताना मी तिला बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

मीही पान हुंगलं. काही नाही. तपकीर ओढून ओढून नाक पार मेलंय. हिने माझ्याकडे पाहिलं, पण तपकिरीवरून रोज बोलते तसं एक अक्षर बोलली नाही. तेच जास्त लागलं. आणि ते पान तिने पदराच्या टोकाला बांधून घरी आणलंय.

तुमच्यापैकी कुणी तपकीर सोडली आहे का? नाक परत यायला किती दिवस लागतात? पुढच्या रविवारी कर्णिकांना हिनेच बोलावलंय.