झाकणाखालचं नाव

आमच्या ह्यांचा राग नाकावर नव्हता, अंगठ्यात होता. समोर बसून बोलाल तर मऊ माणूस, पण हातात मोबाईल आला की अंगठा टकाटक चालायचा. नवनाथ त्यांचं नाव. पिंपळगावच्या एका पॅकहाऊसमध्ये द्राक्षांच्या पेट्या तपासायचं काम, राहायला आम्ही नाशकात आडगाव नाक्याला, आणि जीव सगळा सायखेड्यात. गाव सोडून बावीस वर्षं झाली तरी सकाळी चहाच्या आधी गावाचं फेसबुक पेज उघडायचंच. तिथं कुणीतरी काहीतरी लिहिणार, हे उत्तर देणार, तो उलटून बोलणार, आणि इकडे माझी पोळी ताटात गार होणार.

सायखेड्यात ह्यांना दोन गोष्टींसाठी ओळखतात. एक पखवाज आणि दुसरा भिकन. हे पखवाज वाजवणार, भिकन टाळ धरणार, चौथीपासूनची जोडी. आमच्याकडे भजनी मंडळातलं कुणी गेलं की अंत्ययात्रेपुढं भजन चालतं, आणि पखवाज ह्यांचाच. निरोप आला की असतील तिथून निघायचे. एकदा तर पॅकहाऊसची जाळीची टोपी डोक्यावर तशीच ठेवून गेले होते.

भांडण झालं गणपतीत. ह्यांनी पेजवर लिहिलं, मंडपातला स्पीकर म्हाताऱ्यांना सोसत नाही, आवाज कमी करा. भिकनने खाली लिहिलं, ‘शहरात राहून गावाला शिकवू नये.’ तोंडावर बोलला असता तर हसण्यावारी गेलं असतं. पण त्याला सत्तर-ऐंशी जणांनी लाईक दिलं आणि राईचा पर्वत झाला. कुणी कुणी लाईक दिलं ते हे रोज उघडून बघायचे. भिकनचं नाव दिसलं की कपाळावरची शीर टरारून यायची. दिवाळीनंतर डॉक्टरांनी बीपी बघितलं तर वरचं एकशे सत्तर. गोळी लिहून दिली आणि म्हणाले, मोबाईल कमी करा.

मोबाईल कमी करतील ते नवनाथ कसले. मग आमच्या लेकीनं, पूजानं, तोडगा काढला. ती कॉम्प्युटरचं शिकते. ह्यांच्या ब्राउझरमध्ये तिनं एक फिल्टर बसवून दिला. आपल्याला त्रास देणारे शब्द त्यात भरायचे. तो शब्द जिथं असेल, अगदी लिहिणाऱ्याच्या नावात का असेना, ती पोस्ट किंवा कॉमेंट करड्या पट्टीखाली झाकून जाते. बघायचीच असेल तर पट्टीवर बोट ठेवून उघडता येते. ह्यांनी त्याला नाव ठेवलं झाकण. शब्दही ह्यांनीच सांगितले, निवडणूक, कांद्याचा भाव, डीजे, आणि दोन-चार शिव्या ज्या मी सांगणार नाही.

हे आंघोळीला गेले तेव्हा मी पूजाला म्हटलं, “भिकन पण टाक त्यात.”

“मम्मी, पप्पांना विचारू दे ना.”

“विचारायचं काय? बीपी कुणाचं चढतं, तुझं का माझं? टाक.”

तिनं टाकलं. मला वाटलं, नवऱ्याचं भलं केलं.

आणि खरंच, घर निवलं. बीपी उतरलं. हे झाकण कधी उघडायचे नाहीत. एकदा सोडलं म्हणजे सोडलं, तंबाखूही अशीच सोडली होती. फक्त मध्येच म्हणायचे, “भिकन हल्ली काही लिहीत नाही गं. बरा असेल ना?” मी म्हणायचे, “असेल कामात.” एक फोन करून बघा, एवढं काही माझ्या तोंडून निघालं नाही. चोराच्या मनात चांदणं. आणि ह्यांचं आपलं, “तो करील की.” ताठा दोघांचा सारखाच.

फेब्रुवारीत एका सकाळी ह्यांनी पेज उघडलं तर नुसत्या पट्ट्याच पट्ट्या. “आज गावात चांगलीच जुंपलेली दिसते,” म्हणाले. मी मान लांब करून बघितलं. वरपासून खालपर्यंत करडं. मनात पाल चुकचुकली माझ्या, खोटं कशाला बोलू. पण डबा भरायचा होता आणि माणूस खुशीत होता. “राहू द्या झाकलेलं,” मी म्हटलं. ह्यांनी मोबाईल खिशात टाकला आणि गुणगुणत कामावर गेले.

त्यानंतर अकराव्या दिवशी हे भरदुपारी घरी आले. द्राक्षाच्या सीझनमध्ये हा माणूस तापातसुद्धा रजा घेत नाही. सायखेड्याचा अमित टेम्पो घेऊन पॅकहाऊसवर येतो, त्यानं विचारलं होतं, “काका, दहाव्यालाही आला नाहीत?”

“भिकन गेला,” हे म्हणाले. “झटका आला. मला कुणी कळवलं नाही.” मग पूजाकडे मोबाईल दिला. “ते झाकण काढ.”

तिनं शब्दांची यादी उघडली. शेवटचा शब्द ह्यांनी वाचला. “हा मी कधी सांगितला?”

पूजा माझ्याकडे बघत राहिली. “मी टाकायला लावला,” मी म्हटलं. मला वाटलं, आता मोबाईल भिंतीवर आपटणार. आपटला असता तर बरं झालं असतं. ह्यांनी फक्त त्या शब्दावर बोट ठेवलं, आणि पूजानं तो काढला. पट्ट्या गेल्या आणि भिकनचे हार घातलेले फोटो एकाखाली एक आले. मागं जाता जाता ह्यांच्या एका जुन्या फोटोखाली भिकनची कॉमेंट सापडली, डिसेंबरातली. ‘नवनाथ, रागावला काय? एकादशीला ये. दुसऱ्याच्या हातावर भजन बसत नाय.’ ह्यांनी ती दोनदा वाचली, मोठ्यानं. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे आईच्या तोंडून शंभरदा ऐकलं होतं मी.

संध्याकाळी सायखेड्याला गेलो. भिकनची बायको गोजराबाई भिंतीला टेकून बसली होती.

“भाऊजी, पेजवर तीनदा टाकलं,” ती म्हणाली. “पोरं म्हणाली, फोन कशाला, काका तर दिवसभर त्याच्यावरच असतात. बारापर्यंत थांबवलं व्हतं तुमच्यासाठी. पखवाजाला कोणी हात लावला नाय. नुसत्या टाळांवर नेलं त्यांना.” मग विचारलं, “एवढा राग व्हता का?”

मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात हे म्हणाले, “होता, वहिनी. माझंच चुकलं.”

माझ्यासाठी खोटं बोलले, आणि मी बोलू दिलं. गोजराबाई आजही तेच धरून आहे, की दोस्त रागापोटी मातीला आला नाही. तिला जाऊन खरं सांगायचंय मला. दर आठवड्याला ठरवते, या रविवारी जायचंच. रविवार येतो, हे पखवाजावरची धूळ पुसून तो परत कपाटावर ठेवतात, आणि मी घरातलं काहीतरी काम काढून बसते.